लेसर कॅव्हिटीला लॉक करताना: साध्या कॅव्हिटीपासून मंद प्रकाशाच्या कॅव्हिटीपर्यंत

लेसरची वारंवारता स्थिर करायची म्हणजे ती दोन आरशांमधल्या अंतराला बांधायची. आरशांची ही जोडी म्हणजे कॅव्हिटी, आणि हे बांधणं म्हणजे लॉक. एकदा बांधली की लेसर तेवढाच स्थिर राहतो जेवढं ते अंतर स्थिर असतं. इतकी वर्षं सगळी मेहनत अंतर हलू न देण्यावर झाली आहे. मंद प्रकाशाची पद्धत दुसरा रस्ता धरते: अंतर हललं तर हलू दे, पण त्याचा वारंवारतेवर होणारा परिणाम हजारो पटींनी कमी करायचा.

हा लेख प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. लेन्स, आरसे, ऑसिलोस्कोप यांची ओळख आहे, पण लॉक कधी केलेला नाही, असं गृहीत धरलंय. एक आग्रह सुरुवातीलाच सांगतो: मंद प्रकाशाकडे वळण्याआधी साध्या निर्वात कॅव्हिटीवरचा लॉक पक्का झालेला हवा. तो नसेल तर पुढच्या पायऱ्यांवर काय बिघडलंय हे कधीच कळणार नाही.

१. आधी कागदावर आकडे मांडा

कॅव्हिटीच्या शेजारच्या दोन मोडमधलं (अनुनादी वारंवारतांमधलं) अंतर म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले लांबीची दुप्पट. १० सेंटिमीटरच्या निर्वात कॅव्हिटीत ते १.५ गिगाहर्ट्झ येतं. त्याला फिनेसने (आरशांमध्ये प्रकाश किती कमी वाया जातो ते सांगणाऱ्या आकड्याने) भागलं की एका मोडची रेषारुंदी मिळते. फिनेस २ लाख असेल तर रेषारुंदी ७.५ किलोहर्ट्झ, आणि प्रकाश आत सुमारे २१ मायक्रोसेकंद टिकतो.

आता लांबीचं गणित. ५८० नॅनोमीटरच्या पिवळ्या प्रकाशाची वारंवारता साधारण ५१७ टेराहर्ट्झ. ती अर्ध्या हर्ट्झपर्यंत स्थिर हवी असेल तर १० सेंटिमीटरचं अंतर १०च्या उणे १६व्या घाताइतक्या मीटरपर्यंत स्थिर हवं. प्रोटॉनचा व्यास याच्या पंधरा-सतरा पट असतो. इथे नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो: फिनेस वाढवला की रेषा अरुंद होते, म्हणून स्थिरताही आपोआप वाढेल असं वाटतं. तसं होत नाही. फिनेस वाढल्याने मोडचा मध्यबिंदू जास्त नेमका सापडतो, पण आरसा हलल्यावर तो मध्यबिंदू पूर्वीइतकाच सरकतो. कॅव्हिटी कितीही जपली तरी आरशांच्या लेपातली उष्णताजन्य थरथर उरतेच, आणि चांगल्या कॅव्हिटीची मर्यादा बहुतेक वेळा तीच ठरवते.

२. सामान

पहिल्या टप्प्यासाठी:

– एकाच मोडवर चालणारा लेसर, ज्याची वारंवारता जलद (करंट किंवा अकूस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटर) आणि सावकाश (पिझो) अशा दोन्ही मार्गांनी बदलता येते. ५८० नॅनोमीटरसाठी ११६० नॅनोमीटरचा लेसर दुप्पट वारंवारतेवर नेणं सोयीचं पडतं.
– ऑप्टिकल आयसोलेटर, किमान ३० डेसिबल; ६० मिळाला तर उत्तम.
– इलेक्ट्रो-ऑप्टिक फेज मॉड्युलेटर, त्याच्या आधी चांगला पोलरायझर.
– पोलरायझिंग बीमस्प्लिटर आणि क्वार्टर-वेव्ह प्लेट.
– जलद फोटोडायोड, मिक्सर, लो-पास फिल्टर, फंक्शन जनरेटर, सर्वो (चूक बघून लेसरला परत आणणारं सर्किट).
– कमी प्रसरणाच्या काचेची कॅव्हिटी, निर्वात कक्ष, आयन पंप, तापमान नियंत्रक.
– कॅव्हिटीमागे ठेवायला एक साधा कॅमेरा. याच्यावाचून जुळणी करायला जाऊ नका.

दुसऱ्या टप्प्यासाठी:

– युरोपियम किंवा प्रेझिओडिमियम मिसळलेला इट्रियम ऑर्थोसिलिकेटचा स्फटिक, दोन्ही टोकांना परावर्तक लेप दिलेला.
– ४ केल्विनच्या खाली जाणारा क्रायोस्टॅट (अतिथंड कक्ष).
– दुहेरी फेरीत लावलेला अकूस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटर आणि त्याला चालवणारा आर्बिट्ररी वेव्हफॉर्म जनरेटर.
– कमी प्रकाशाचा डिटेक्टर आणि बीम पूर्ण बंद करणारा यांत्रिक शटर.

त्या तरंगलांबीसाठी बनवलेला सुरक्षा चष्मा दोन्ही टप्प्यांत डोळ्यावर हवाच. द्रव हेलियम वापरत असाल तर खोलीत ऑक्सिजन मोजणारा अलार्म आधी बसवा, क्रायोस्टॅट नंतर.

३. बीम कॅव्हिटीत नीट उतरवा

एक आरसा सपाट आणि दुसऱ्याची वक्रता-त्रिज्या ५० सेंटिमीटर असेल, तर १० सेंटिमीटरच्या कॅव्हिटीत ५८० नॅनोमीटरसाठी बीमची कंबर सपाट आरशावर पडते आणि तिची त्रिज्या सुमारे ०.१९ मिलिमीटर असते. दोन लेन्स वापरून आपला बीम नेमक्या याच मापाचा, नेमका तिथेच करायचा. दोन्ही लेन्सना सरकती बैठक द्या.

क्रम असा ठेवा. आधी परत आलेलं प्रतिबिंब येणाऱ्या बीमवर बसवा. मग लेसरची वारंवारता किमान एका मोड-अंतराइतकी पुढेमागे फिरवा आणि कॅमेऱ्यात बघा. सुरुवातीला ठिपक्यांची, पाकळ्यांची गर्दी दिसेल. एका दिशेत रांगेने ठिपके दिसले तर बीम तिरका किंवा सरकलेला आहे. आरशांच्या स्क्रूंनी सुधारा. एकाभोवती एक कडी दिसली तर माप चुकलंय; लेन्स सरकवा. मूळ गोल मोडमध्ये ९० टक्क्यांहून जास्त प्रकाश जाईपर्यंत इथून हलू नका. इथे अर्धवट सोडलेलं काम पुढे लॉकच्या सिग्नलची शून्यरेषा सरकण्यातून बाहेर येतं, आणि तेव्हा दोष इलेक्ट्रॉनिक्सवर ढकलला जातो.

निर्वात कक्षाचा दाब १०च्या उणे ७व्या घाताइतका मिलिबार किंवा त्याहून कमी हवा. हवेचा अपवर्तनांक एका मिलिबारला सुमारे २.७ गुणिले १०चा उणे ७वा घात इतका बदलतो, म्हणजे या दाबावरही उरलेल्या हवेमुळे वारंवारता १०च्या उणे १४व्या घाताच्या पातळीवर सरकलेली असते. पंप अडखळला की लेसर अडखळतो तो यामुळे.

४. पाउंड-ड्रेव्हर-हॉल सिग्नल तयार करा

१९४६च्या सुमारास रॉबर्ट पाउंड यांनी ही कल्पना मायक्रोवेव्हसाठी वापरली. १९८३मध्ये रोनाल्ड ड्रेव्हर, जॉन हॉल आणि सहकाऱ्यांनी ती लेसरसाठी प्रसिद्ध केली. लेसरला फेज मॉड्युलेशन देऊन दोन्ही बाजूंना साइडबँड तयार करायचे. मूळ वारंवारता मोडवर असताना साइडबँड बाहेरच असतात आणि जसेच्या तसे परत फिरतात. आतून गळून आलेल्या प्रकाशाशी त्यांचा जो ठोका (बीट) पडतो त्याचं चिन्ह लेसर मोडच्या कुठल्या बाजूला आहे ते सांगतं. हाच एरर सिग्नल. प्रकाशाची तीव्रता हलली तरी शून्य तिथेच राहतं, हा या पद्धतीचा मोठा गुण.

मॉड्युलेशनची खोली १.०८ रेडियनच्या आसपास ठेवली की मधला उतार सर्वांत तीव्र होतो. वारंवारता १० ते २५ मेगाहर्ट्झ. मिक्सरला मिळणाऱ्या दोन सिग्नलमधला फेज जुळवण्यासाठी महागडं उपकरण लागत नाही. केबलची लांबी बदला. २० मेगाहर्ट्झला साध्या कोॲक्सियल केबलची अडीच मीटर लांबी म्हणजे ९० अंश. अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे हाताशी ठेवा. स्क्रीनवर मध्ये एक तीव्र उतार आणि दोन्ही बाजूंना उलट दिशेचे दोन लहान उतार दिसले की फेज जुळला.

दोन सापळे लक्षात ठेवा.

पहिला, सर्वोचं चिन्ह उलटं असेल तर लेसर मधल्या मोडऐवजी साइडबँडवर जाऊन बसतो, कारण तिथला उतार उलट असतो. लॉक लागल्यासारखा दिसतो, टिकतोही, पण आत जाणारा प्रकाश कमी असतो. म्हणून लॉक लागला की कॅव्हिटीतून पलीकडे जाणारा प्रकाश मोजायचा. स्कॅन करताना मोजलेल्या कमाल पातळीच्या जवळ नसेल तर चिन्ह उलटं करा.

दुसरा, फेज मॉड्युलेटर थोडं तीव्रतेचंही मॉड्युलेशन करतो, आणि ते तापमानाबरोबर सरकतं. त्याचा थेट परिणाम शून्यरेषेवर होतो. मॉड्युलेटरच्या स्फटिकाचं तापमान नियंत्रित करा, पोलरायझेशन स्फटिकाच्या अक्षाशी नेमकं जुळवा. शेवटी लेसर मोडपासून दूर नेऊन मिक्सरचं आउटपुट तासभर नोंदवा. ते जेवढं सरकलं तेवढंच पुढे लॉक सरकणार आहे.

५. सर्वो

यावर फार लिहीत नाही, कारण पद्धत सर्वत्र सारखीच आहे. जलद मार्ग करंटकडे किंवा मॉड्युलेटरकडे, सावकाश मार्ग पिझोकडे. आधी फक्त प्रपोर्शनल गेन, लॉक धरला की इंटिग्रेटर. गेन वाढवत जा. एरर सिग्नलच्या स्पेक्ट्रममध्ये उंचवटा उभा राहू लागला की थोडं मागे या. तो उंचवटा तुमच्या लूपची बँडविड्थ सांगतो. डायोड लेसरला साधारण १ मेगाहर्ट्झपर्यंत पोचावं लागतं. पिझोच्या अनुनादाजवळ नॉच फिल्टर नसेल तर पूर्ण लूप शिट्टी वाजवतो.

६. मंद प्रकाश नेमकं काय करतो

कॅव्हिटीच्या आत अशी वस्तू ठेवा जिचा अपवर्तनांक वारंवारतेबरोबर अतिशय तीव्रपणे बदलतो. आरसा जरा बाहेर सरकला, की अनुनाद टिकवण्यासाठी वारंवारता कमी व्हायला हवी. पण वारंवारता किंचित कमी होताच अपवर्तनांकही घटतो आणि प्रकाशाच्या दृष्टीने लांबी लगेच भरून निघते. म्हणून वारंवारतेला अगदी थोडंच सरकावं लागतं. पूर्ण भरलेल्या कॅव्हिटीत लांबीचा परिणाम एरवीच्या अपवर्तनांक भागिले समूह-अपवर्तनांक इतकाच उरतो. समूह-अपवर्तनांक म्हणजे निर्वातातला प्रकाशवेग भागिले स्पंदाचा वेग.

असा तीव्र उतार मिळवायला शोषक स्फटिकाच्या वर्णपटात एक पारदर्शक खिडकी कोरतात, म्हणजे त्या वारंवारता शोषणारे मिसळलेल्या मूलद्रव्याचे आयन लेसरने दुसऱ्या पातळीवर हलवतात. आजूबाजूला गच्च शोषण, मध्ये चौकोनी मोकळी जागा. अशा खिडकीच्या मध्यावर स्पंदाचा वेग म्हणजे पायचा (π) वर्ग गुणिले खिडकीची रुंदी (हर्ट्झमध्ये), भागिले बाहेरचं शोषण. हे सूत्र पाठ करा; पुढचा सगळा आराखडा याच्यावर उभा राहतो.

उदाहरण घेऊ. स्फटिक २० मिलिमीटर, शोषण दर सेंटिमीटरला १०, अपवर्तनांक १.८, दोन्ही आरशांचं परावर्तन ९५ टक्के, म्हणजे फिनेस सुमारे ६१. खिडकी नसती तर मोड-अंतर ४.१७ गिगाहर्ट्झ आणि रेषारुंदी ६८ मेगाहर्ट्झ. १ मेगाहर्ट्झची खिडकी कोरली की प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ९.९ किलोमीटर होतो, मोड-अंतर २४७ किलोहर्ट्झ आणि रेषारुंदी ४ किलोहर्ट्झ. साध्या ९५ टक्क्यांच्या आरशांनी २ लाख फिनेसच्या कॅव्हिटीपेक्षा अरुंद रेषा दिली. लांबीचा परिणाम सुमारे १७ हजार पटीने घटतो: लांबीत १०च्या उणे १३व्या घाताइतका सापेक्ष बदल झाला तर एरवी ५२ हर्ट्झ सरकले असते, इथे ३ मिलिहर्ट्झ.

खिडकी १० मेगाहर्ट्झ केली तर फायदा दहापट कमी, १७०० पटीचा. पण खिडकीत मावणाऱ्या मोडची संख्या तीच राहते, कारण ती खिडकीच्या रुंदीवर अवलंबूनच नसते. दोन गुणिले शोषण गुणिले लांबी, भागिले पायचा वर्ग: वरच्या उदाहरणात साधारण ४, आणि कडांजवळ उतार तीव्र होत असल्याने त्याहून थोडे जास्त. स्फटिक मागवताना शोषण आणि लांबीचा हा गुणाकार तपासा. तो ५च्या खाली गेला तर खिडकीच्या मध्यात एकही मोड पडणार नाही अशी वेळ येऊ शकते.

सुरुवात १० मेगाहर्ट्झच्या खिडकीने करा, असं ठामपणे सांगेन. तिथे सगळं मोठं आणि दिसण्याजोगं असतं. अरुंद खिडकी नंतर केव्हाही कोरता येते.

७. स्फटिक आणि थंडावा

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या गटाने २०१३ साली प्रेझिओडिमियमच्या स्फटिकात कॅव्हिटीची रेषा चार घातांहून जास्त अरुंद करून दाखवली, आणि पुढे युरोपियमच्या स्फटिकात अशी कॅव्हिटी लेसरच्या संदर्भासाठी वापरली. निवड या दोघांतच करायची आहे.

प्रेझिओडिमियम ६०६ नॅनोमीटरला शोषतो, उत्तेजित अवस्था १६४ मायक्रोसेकंदांच्या आसपास टिकते, म्हणून खिडकी पटकन कोरून होते. पण ती मिनिटभरातच भरू लागते. युरोपियम ५८० नॅनोमीटरला शोषतो, उत्तेजित अवस्था जवळपास २ मिलिसेकंद टिकते, कोरायला वेळ लागतो. उलट २ केल्विनला त्याची खिडकी कित्येक दिवस राहते. शिकायला प्रेझिओडिमियम, प्रत्यक्ष संदर्भ म्हणून युरोपियम.

खिडकी किती रुंद करता येईल हे तळच्या तीन पातळ्यांमधल्या अंतरांवर ठरतं, कारण बाहेर काढलेले आयन दुसऱ्या पातळीवर साठवायचे असतात. प्रेझिओडिमियममध्ये ही अंतरं १०.२ आणि १७.३ मेगाहर्ट्झ आहेत, युरोपियम-१५१मध्ये ३४.५ आणि ४६.२, युरोपियम-१५३मध्ये ९० आणि ११९ मेगाहर्ट्झ.

पोलरायझेशन स्फटिकाच्या अक्षाशी जुळवायला विसरू नका. तिरकं असेल तर प्रकाशाचे दोन घटक वेगवेगळ्या शोषणातून आणि वेगळ्या अपवर्तनांकातून जातात आणि मोडच्या दोन रांगा एकमेकांत मिसळलेल्या दिसतात.

लेप देण्याआधी स्फटिकाच्या टोकांचा आकार ठरवा. दोन्ही बाजू सपाट ठेवल्या, बीम १ मिलिमीटर रुंद असला आणि फिनेस ६० हवा असला, तर दोन बाजूंच्या समांतरतेत अर्ध्या आर्क-सेकंदाच्या आसपासचीच चूक चालते. ते मिळवणं कठीण आहे. एक बाजू किंचित बहिर्गोल घासून घेतली की ही अट सुटते.

क्रायोस्टॅटबाबत तीन गोष्टी. युरोपियमची वारंवारता तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे सरकते. ३ ते ४ केल्विनच्या पट्ट्यात एका मिलिकेल्विनला दहा हर्ट्झच्या घरात. म्हणून जितकं थंड तितकं बरं. दुसरं, स्फटिकावरचा दाब एका पास्कलने बदलला तरी रेषा शेकडो हर्ट्झ सरकते, म्हणजे स्फटिक पंपाच्या गळतीशी किंवा खोलीच्या हवेशी जोडलेल्या गॅसमध्ये उघडा ठेवू नये. अमेरिकेत बोल्डर इथल्या एनआयएसटी या मापन-मानक संस्थेत २०११ साली युरोपियमच्या होल बर्निंगवर (वर्णपटात कोरलेल्या अरुंद भोकावर) १०च्या उणे १६व्या घाताच्या पातळीची स्थिरता मिळाली. तिथे बंद कप्प्यातल्या हेलियमचा दाब वापरून तापमानाचा परिणाम दाबाच्या परिणामाने खोडला होता. तिसरं, पल्स-ट्यूब क्रायोस्टॅट सेकंदाला एक-दोनदा ठोके देतो. स्फटिक तांब्याच्या मऊ वेण्यांनी थंड बोटाला (क्रायोस्टॅटच्या थंड दांड्याला) जोडा, थेट आवळू नका. आवळल्याने पडणारा ताणही रेषा पसरवतो.

८. खिडकी कोरणं

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या.

(क) लेसर आधी साध्या कॅव्हिटीवर लॉक करा. कोरणाऱ्या लेसरची थरथर खिडकीच्या कडेच्या धारेत उतरते.

(ख) खिडकीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वारंवारता झाडणारे स्पंद द्या. सुरुवात आणि शेवट हळुवार चढता-उतरता ठेवा. अचानक सुरू होणारा स्पंद आपल्या स्पेक्ट्रमच्या शेपट्यांनी खिडकीबाहेरचेही आयन हलवतो.

(ग) दोन स्पंदांमध्ये उत्तेजित अवस्थेच्या आयुष्याच्या चार-पाच पट थांबा: युरोपियमला सुमारे १० मिलिसेकंद, प्रेझिओडिमियमला १ मिलिसेकंद. घाई केली तर आयन खाली पडण्याआधीच दुसरा स्पंद त्यांना परत तिथेच आणतो.

(घ) शेकडो ते हजारो वेळा हेच करा. आपल्या उदाहरणात शोषण गुणिले लांबी २० आहे, म्हणजे सुरुवातीला पलीकडे प्रकाशाचे अब्जात सुमारे दोनच भाग पोचतात. पहिले स्पंद फक्त पुढचा थर मोकळा करतात, मग त्याच्या मागचा. डिटेक्टरवर बराच वेळ काहीच दिसणार नाही आणि मग झपाट्याने दिसू लागेल. मधल्या शांततेत शक्ती वाढवण्याचा मोह आवरा. त्याने कडा बोथट होतात.

(च) खिडकी उघडू लागली की आतल्या मोडवर प्रकाश जास्त साठतो आणि मोडांच्या मध्ये कमी. त्यामुळे कोरणं असमान होतं, आत खळगे आणि उंचवटे राहतात. शेवटच्या टप्प्यात स्पंदांची शक्ती कमी करा आणि झाडण्याचा वेग थोडा थोडा बदलत राहा.

(छ) खिडकीच्या आत किती शोषण उरलं ते मोजा. बाहेरच्या आयनांच्या रेषांच्या शेपट्या मध्यापर्यंत येतातच: उरलेलं शोषण म्हणजे बाहेरचं शोषण गुणिले आयनाची रेषारुंदी गुणिले दोन, भागिले (पाय गुणिले खिडकीची रुंदी). १ किलोहर्ट्झची आयन-रेषा आणि १ मेगाहर्ट्झची खिडकी धरली तर दर मीटरला ०.६, म्हणजे एका फेरीत अडीच टक्के तोटा. आरशांचा तोटा १० टक्के असताना हे चालतं. ९९.९ टक्क्यांचे आरसे लावले असते तर याच तोट्याने सगळा फिनेस खाल्ला असता. महाग आरसे इथे कामाला येत नाहीत ते यासाठी.

९. मोड शोधा आणि लॉक लावा

मोड शोधण्यासाठी आत सोडलेला प्रकाश अतिशय क्षीण ठेवा, नॅनोवॉटच्या पातळीपासून सुरुवात करा. ४ किलोहर्ट्झच्या मोडवरून सेकंदाला १६ मेगाहर्ट्झपेक्षा वेगाने गेलात तर मोडऐवजी लहरत विझणारी शेपटी दिसते. तिच्या लांबीवरून आतला प्रकाश किती टिकतो ते मोजता येतं, सुमारे ४० मायक्रोसेकंद. पण त्या चित्रावरून मोडचा मध्यबिंदू काढू नका.

शेजारच्या दोन मोडमधलं अंतर मोजलं की स्पंदाचा वेग थेट मिळतो: अंतर गुणिले लांबीची दुप्पट. सूत्रातल्या आकड्याशी तो जुळत नसेल तर बहुधा खिडकीच्या कडा उतरत्या झाल्या आहेत.

साइडबँडची वारंवारता आता नव्याने निवडावी लागते. साध्या कॅव्हिटीवर वापरलेले २० मेगाहर्ट्झ इथे खिडकीच्या बाहेर, शोषणात पडतात. बराचसा प्रकाश पुढच्या आरशावरून परत फिरतो, त्यामुळे सिग्नल मिळतो. पण आत शिरलेला थोडा भाग तिथे स्वतःची दोन भोकं कोरत बसतो आणि काही तासांत सिग्नलचा आकार बदलतो. १० मेगाहर्ट्झच्या खिडकीत मोड-अंतर सुमारे २.५ मेगाहर्ट्झ असतं, साइडबँड १.२ मेगाहर्ट्झवर, म्हणजे दोन मोडच्या बरोबर मध्ये ठेवा. ते मोडवर पडले तर तेही आत शिरतात आणि एरर सिग्नल वाकडा होतो.

लॉकची रचना दोन मजली: लेसर जलद लूपने साध्या कॅव्हिटीवर, आणि मधल्या अकूस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटरची वारंवारता सावकाश लूपने स्फटिकाच्या मोडवर. दुसऱ्या लूपची बँडविड्थ काहीशे हर्ट्झ पुरते. दोन्ही लूप एकाच वारंवारतेवर बलवान ठेवले तर ते एकमेकांशी भांडतात.

१०. खिडकीची निगा

लांबीपासून सुटका मिळाली ती फुकट नाही. आता मोड खिडकीला बांधलेला आहे: खिडकी १ हर्ट्झ सरकली तर मोडही जवळजवळ १ हर्ट्झ सरकतो. आणि खिडकीला सर्वांत जास्त हलवणारी गोष्ट म्हणजे तुमचाच लॉक केलेला प्रकाश.

लॉकचा प्रकाश मध्यापासून डावीकडे असेल तर डाव्या कडेचे आयन जास्त उडतात. डावी कड मागे सरते, खिडकीचा मध्य डावीकडे जातो, मोड त्याच्यामागे, लॉक मोडच्या मागे. सरकणं एकाच दिशेने चालू राहतं आणि बाहेरून बघणाऱ्याला ते आरशाच्या सरकण्यासारखं वाटतं. उपाय क्रमाने करा:

– मध्याच्या सर्वांत जवळचा मोडच वापरा. तो नेमका मध्यावर आणायला खिडकी जरा बाजूला कोरून उपयोग नाही, कारण मोडही बहुतांशी तिच्याबरोबर जातो. तापमानाने किंवा आरसा सुटा असेल तर पिझोने लांबी बदला. पूर्ण एका मोड-अंतराइतकं सरकवायला तरंगलांबीच्या निम्म्याइतका बदल पुरतो.
– लॉकची शक्ती निम्मी करा आणि सरकण्याचा वेग पुन्हा मोजा. वेगही निम्मा झाला तर दोषी प्रकाशच आहे. नाही झाला तर तापमान आणि दाबाकडे बघा.
– मोजमाप चालू नसताना यांत्रिक शटर बंद ठेवा. अकूस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटर बंद केला तरी थोडा प्रकाश गळतच असतो, आणि रात्रभरात तो खिडकीत ओरखडा पाडतो.
– दोन्ही कडांवरून सारखेच झाडणारे क्षीण स्पंद अधूनमधून देऊन खिडकी दुरुस्त करता येते, पण त्याने संदर्भ थोडा हलतो. प्रत्येक दुरुस्तीची वेळ नोंदवा.

११. खात्री करून घ्या

एरर सिग्नल शांत दिसतोय म्हणून लेसर शांत आहे असं समजू नका. लूपच्या आतला सिग्नल फक्त एवढंच सांगतो की लेसर संदर्भाच्या मागे नीट चालला आहे. संदर्भच डोलत असेल तर दोघं मिळून डोलतात. त्यासाठी दुसरा स्वतंत्र संदर्भ लागतो: वेगळी कॅव्हिटी किंवा वारंवारता कोंब (समान अंतरावरच्या अनेक वारंवारता देणारा लेसर). दोघांचा ठोका मोजा, मग ॲलन विचलन (वेगवेगळ्या कालावधींत वारंवारता किती स्थिर राहते याचं माप) काढा. दोन्ही मांडण्या एकाच टेबलावर, एकाच थंड बोटावर असतील तर दोघींची सामाईक थरथर ठोक्यात दिसतच नाही.

टेबलांमध्ये फायबर असेल तर त्याची थरथरही मोजमापात मिसळते. काही मीटरच्या फायबरलाही फेज-दुरुस्तीचा लूप लावा.

मंद प्रकाशाचा फायदा खरोखर मिळतोय का, हे तपासायला लांबी मुद्दाम हलवा. आरसा सुटा असेल तर पिझोला काही हर्ट्झ वारंवारतेचा ज्ञात धक्का द्या आणि लेसर त्या वारंवारतेवर किती डोलतो ते मोजा. तोच धक्का खिडकीशिवाय दिला तर किती फरक पडला असता याचं गणित पहिल्या पायरीच्या आकड्यांवरून येतं. खिडकीशिवायचा फरक भागिले मोजलेला फरक ही तुमची खरी पट. आरसे आणि स्फटिक यांच्यात मोकळी जागा असेल तर ही पट पूर्ण भरलेल्या कॅव्हिटीपेक्षा कमी येते, कारण त्या जागेत प्रकाश वेगानेच जातो: (मोकळी जागा अधिक समूह-अपवर्तनांक गुणिले स्फटिकाची लांबी) भागिले कॅव्हिटीची एकूण प्रकाशीय लांबी. एकसंध लेप दिलेल्या स्फटिकाला पिझोने दाबून ही चाचणी करू नका. ताणाने आयनांची रेषाच हलते, खिडकी हलते, आणि लांबीचा परिणाम त्याखाली दबून जातो. तिथे मोड-अंतरावरून काढलेल्या वेगावरच भरवसा ठेवा, आणि प्रत्येक नव्या खिडकीनंतर तो पुन्हा मोजा.